एकच जपानी किल्ला बघायचा तर कुठला: हिमेजी, मात्सुमोतो की कानाझावा?

जपानची पहिली सहल आखताना बहुतेकांचा कागद सारखाच दिसतो: टोकियो, जमलं तर फुजीचं दर्शन, क्योटो, ओसाका आणि परतीचं विमान. आठ-दहा दिवसांत तेवढंच बसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एक किल्ला तरी बघायला हवा." मराठी घर असलं की हे येणारच. शोधायला बसलं की पांढरा हिमेजी, काळा मात्सुमोतो आणि बागेवाला कानाझावा ही नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. फोटोत तिन्ही सुरेख, त्यामुळे फोटो बघून काही ठरत नाही.

ओसाकाचं आधीच सांगून टाकतो, कारण "ओसाकात आहेच की किल्ला" हा प्रश्न येतोच. आहे, आणि लांबून देखणाही आहे. पण तिथला मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. आत लिफ्ट आणि संग्रहालय. जपानमध्ये असे नव्याने बांधलेले किल्ले पुष्कळ. १८६८ नंतर मेइजी राजवटीत सरंजामदार गेले, त्यांचे किल्ले निरुपयोगी ठरले. कित्येक पाडले, कित्येक लिलावात निघाले, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी काही १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत जळाले. मूळ लाकडी मनोरा अजून उभा आहे असे किल्ले सबंध देशात फक्त १२, आणि त्यांतल्या ५ मनोऱ्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा. हिमेजी आणि मात्सुमोतो त्या पाचांत बसतात. कानाझावा बारांतही नाही.

माझं मत विचाराल तर हिमेजीत किल्ला बघावा आणि निघावं. मात्सुमोतोत किल्ल्याच्या निमित्ताने एक रात्र गावात काढावी. कानाझावाला किल्ल्यासाठी जाऊच नये, जावं ते त्या किल्ल्याच्या धन्यांनी पोसलेल्या शहरासाठी.

हिमेजी

पोचायला हिमेजीइतकं सोपं दुसरं काही नाही. ओसाकाहून जेआरची (जपान रेल्वेची) 'शिनकाइसोकु' ही जलद लोकल साधारण तासाभरात नेते. आरक्षण लागत नाही, भाडं दीड हजार येनच्या आसपास. क्योटोहून दीड तास. शिन-ओसाका स्टेशनवरून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्धाच तास लागतो, पण भाडं दुपटीहून जास्त, त्यामुळे रेल्वे पास हातात नसेल तर तो खर्च मला पटत नाही. हिरोशिमाला जाणार असाल तर मात्र हिमेजी वाटेतच आहे: उतरा, बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, किल्ला बघा, पुढची गाडी पकडा.

स्टेशनच्या उत्तरेच्या दारातून बाहेर आलं की ओतेमाए-दोरी हा रुंद, सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला किल्ला. नकाशा उघडायचीसुद्धा गरज नाही. चालत पंधरा-वीस मिनिटं. किल्ल्याकडे जाणारी छोटी फेरी-बस मिळते, पण ती पाय दुखणाऱ्यांसाठी राखून ठेवा. पाऊस असेल तर मुख्य रस्त्याला समांतर मियुकी-दोरी ही छप्पर असलेली बाजारपेठ आहे; तिथून कोरड्या अंगाने बरंच अंतर कापता येतं.

सह्याद्रीतले किल्ले पायाखालून घातलेल्या माणसाला इथे खरी मजा येते ती आतल्या वाटेची. हिशी दरवाजातून आत शिरलं की मनोरा अगदी समोर, हाकेच्या अंतरावर. पण वाट सरळ जातच नाही. पुढच्या दरवाजांना इ, रो, हा, नि अशी जुन्या जपानी वर्णमालेच्या क्रमाने नावं आहेत आणि प्रत्येक दरवाजापाशी वाट वळते, अरुंद होते, चढते. एके ठिकाणी तर आपण मनोऱ्याकडे चक्क पाठ करून चालू लागतो. शत्रूला असा फिरवत ठेवायचा आणि वरून टिपायचा, हा आपल्या गोमुखी दरवाजांच्या मागचाच विचार, फक्त इथे तो अख्ख्या वाटेवर पसरलेला. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंतींत जंग्या आहेत: गोल, त्रिकोणी आणि चौकोनी बंदुकांसाठी, उभ्या लांबट बाणांसाठी. कोपऱ्यांवर खाली दगड सोडायची झडपं. आणि एवढं सगळं करून हा किल्ला बांधून झाल्यावर त्याच्यावर एकदाही हल्ला झाला नाही.

आजचा मनोरा १६०९ सालचा. तोकुगावा घराण्यातला पहिला शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश) इएयासू, त्याचा जावई इकेदा तेरुमासा याने तो उभारला. त्याआधी इएयासूच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याचा तिमजली मनोरा त्याच जागी होता. जुलै १९४५च्या हल्ल्यात हिमेजी शहर जळून खाक झालं. किल्ल्यावरही आगीचा बॉम्ब पडला, पण फुटला नाही. १९९३ साली हिमेजी जागतिक वारशाच्या यादीत गेला. २००९ ते २०१५ या काळात छप्पर आणि गिलावा नव्याने केला, तेव्हा तो इतका पांढराफेक दिसू लागला की जपानी लोकच कुरकुरले. आता जरा निवळलाय.

आत जाताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि शिवाय तळघर. जिने अरुंद आणि उभे, मोज्यांतले पाय सरकतात. आणि आत काही नाही! गालिचे, सिंहासन, चित्रं यातलं एकही नाही. सरदार राहायचे ते खालच्या वाड्यात. मनोरा होता युद्धासाठी. ज्यांना राजवाड्याची अपेक्षा असते ते इथे हिरमुसतात. पण लाकूडकामाकडे बघायची सवय असेल तर तळघरापासून जवळपास शिखरापर्यंत गेलेले दोन महाकाय खांब शोधा. त्यांतला पश्चिमेकडचा १९५६ ते १९६४च्या दुरुस्तीत बदलावा लागला, पूर्वेचा बराचसा जुनाच. भिंतींवर भाले आणि बंदुका टांगायच्या खुंट्या अजून आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावर ओसाकाबे देवीचं छोटं देऊळ, आणि खिडकीतून स्टेशनपर्यंतचा तोच सरळ रस्ता दिसतो.

उतरल्यावर थकवा असला तरी निशी-नो-मारू हा किल्ल्याचा पश्चिमेकडचा भाग चुकवू नका. लांबच लांब लाकडी ओसरी, एका बाजूला खोल्या, गर्दी तुलनेने कमी. मनोऱ्याचा चांगला फोटो इथून मिळतो. शेजारची कोको-एन बाग १९९२ची, म्हणजे कालपरवाची. जोडतिकीट काढलं असेल तर बघा.

आता पैशांचं. वर्षानुवर्षं इथलं तिकीट १,००० येन होतं. मार्च २०२६पासून शहराबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन, हिमेजीकरांना १,००० आणि १८ वर्षांखालच्यांना मोफत. येनला साठ पैसे धरले तर माणशी दीड हजार रुपये. मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला फारसा फटका नाही, चार प्रौढांच्या गटाला आहे. तरी मी म्हणेन, द्या.

गाव मात्र साधं आहे. युद्धात जळालं आणि नव्याने उभं राहिलं, त्यामुळे जुन्या गल्ल्या वगैरे शोधत फिरू नका. मुक्काम करायचं एकच कारण मला दिसतं: शोशा डोंगर. स्टेशनवरून बसने अर्धा तास, मग रोपवे, आणि वर गर्द झाडीत ९६६ साली स्थापन झालेलं एंग्योजी मंदिर. तिथले जुने लाकडी मंडप बघायला अर्धा दिवस वेगळा काढावा लागतो.

मात्सुमोतो

हा भुईकोट. डोंगर नाही, टेकडी नाही. सपाट जमिनीवर रुंद खंदक आणि त्याच्या पाण्यात उतरलेली काळ्या मनोऱ्याची सावली. पाठीमागे आल्प्स म्हणून ओळखली जाणारी डोंगररांग, थंडीत बर्फाने माखलेली. टोकियोच्या शिंजुकूहून 'आझुसा' एक्सप्रेसने अडीच तास लागतात; सगळी आसनं आरक्षित, भाडं सात हजार येनच्या आसपास. बस स्वस्त पडते आणि सव्वातीन तासांच्या आसपास घेते. नागोयाकडून 'शिनानो' एक्सप्रेसने दोन तास. म्हणजे ओसाका-क्योटोवाल्यांना हे आडवाटेचं आहे. टोकियोहून सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण मग निम्मा दिवस गाडीत जातो.

मनोरा १५९३-९४च्या सुमाराचा, इशिकावा काझुमासा आणि त्याचा मुलगा यासुनागा यांच्या काळातला. हिमेजीपेक्षा वयाने मोठा, आकाराने लहान. खालच्या फळ्यांवर काळी लाख असते आणि ती दरवर्षी नव्याने चढवतात. बाहेरून पाच मजले, आत सहा: तिसऱ्या मजल्याला खिडक्याच नाहीत, तो बाहेरून ओळखूच येत नाही. शिपाई आणि दारूगोळा दडवायला याहून सोयीची जागा कुठली? दुसऱ्या मजल्यावर तोड्याच्या बंदुकांचा मोठा संग्रह मांडलाय. शस्त्रांची आवड असेल तर तिथे वेळ जातो. मागच्या रांगेची मात्र थोडी पंचाईत होते.

जिन्यांबद्दल गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर जाणारा जिना ६१ अंशांचा आहे, म्हणजे जिना कमी आणि शिडी जास्त. पायऱ्या उंच, एका वेळी एकाच दिशेची माणसं. उतरताना तोंड जिन्याकडे करून, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरावं. बुटांची पिशवी हातात असते, त्यामुळे पाठीवरची सॅक आधीच लॉकरमध्ये ठेवलेली बरी. साडी किंवा लांब घेराचा ड्रेस टाळा.

या सगळ्या काळ्या कठोरपणाला चिकटून एक तांबड्या कठड्यांची हलकीशी खोली आहे: चंद्र बघण्यासाठी बांधलेली. १६३०च्या दशकात मात्सुदाइरा नाओमासाने ती जोडली, शोगुन इएमित्सूच्या भेटीसाठी. शोगुन आलाच नाही. मुख्य मनोऱ्यात जंग्याच जंग्या, आणि इथे तीन बाजू सताड उघड्या. चाळीसेक वर्षांत देश लढाईतून शांततेत आला, ते या दोन भिंतींच्या सांध्यावर उभं राहून दिसतं. मला हिमेजीच्या अख्ख्या मनोऱ्यापेक्षा हा कोपरा जास्त आवडतो.

किल्ला वाचला तो गावकऱ्यांमुळे. १८७२ साली मनोरा लिलावात विकला गेला. तेव्हा इचिकावा र्‍योझो या स्थानिक माणसाने किल्ल्यातच प्रदर्शनं भरवून पैसे उभे केले आणि तो सोडवला. पुढे मनोरा कलू लागला, तर इथल्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी वर्गणी जमवून १९०३ ते १९१३ दुरुस्ती करून घेतली.

गावात फिरायला पाय पुरतात. स्टेशन ते किल्ला पंधरा मिनिटं. वाटेत मेतोबा नदी, तिच्या काठाने नावाते ही लहान दुकानांची गल्ली (जिथे तिथे बेडकांच्या मूर्ती), आणि पलीकडे नाकामाची, जाड भिंतींच्या काळ्या-पांढऱ्या कोठारांची पेठ. १८८८च्या मोठ्या आगीनंतर आग सोसतील अशी ही कोठारं बांधली गेली. रस्त्याच्या कडेला झऱ्याच्या पाण्याचे हौद आहेत, गेन्चीचा झरा त्यांतला नावाजलेला; लोक बाटल्या भरून नेतात, तुम्हीही भरा. अंतरं वाटत असतील तर 'टाउन स्नीकर' नावाची छोटी बस फिरते. ठिपक्यांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या यायोई कुसामा यांचा जन्म याच गावात १९२९ सालचा. कलासंग्रहालयाच्या दाराबाहेरची त्यांची भलीमोठी फुलं तिकीट न काढताही बघता येतात. १८७६ची काइची शाळाही किल्ल्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. जपानी सुतारांनी पाश्चात्त्य इमारत आपल्या समजुतीने बांधली की काय होतं त्याचा गमतीदार नमुना.

किल्ल्याचं तिकीट एप्रिल २०२५पासून ऑनलाइन १,२०० आणि खिडकीवर १,३०० येन. ऑनलाइन काढताना वेळ निवडावी लागते. गर्दीच्या दिवसांत तेच करा.

कानाझावा

इथे मनोरा नाही. १६०२ साली वीज पडून जळाला, पुन्हा बांधला नाही. आज दिसतो तो १७८८चा इशिकावा दरवाजा, काही मूळ कोठारं, आणि २००१ साली जुन्या पद्धतीने नव्याने उभारलेली लांबलचक इमारत. आवार मोफत. १ जानेवारी २०२४च्या नोतो भूकंपात तटबंदीचे काही भाग ढासळले. किल्ला म्हणून बघाल तर तासाभरात संपेल.

पण १५८३ साली माएदा तोशिइए इथे आला आणि पुढे त्याच्या घराण्याचं कागा संस्थान तोकुगावांच्या खालोखाल श्रीमंत झालं. तो पैसा कुठे गेला ते शहरात दिसतं. केनरोकुएन ही जपानच्या तीन नामवंत बागांपैकी एक किल्ल्याच्या दारासमोर आहे, तिकीट ३२० येन. सकाळी नेहमीच्या वेळेआधी काही काळ मोफत सोडतात, पण तिकिटाची वेळ व्हायच्या आत बाहेर पडावं लागतं. १ नोव्हेंबरपासून बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना वरून दोऱ्या बांधायला घेतात. नागामाची भागात सामुराईंच्या घरांच्या मातीच्या भिंती, १८२०ची हिगाशी-चाया ही गेइशांची पेठ, ओमिचो मंडई. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो, म्हणून तिथे वर्ख लावलेलं आइस्क्रीम विकतात. वर्खाला चव नसते हे आपल्याला काजूकतलीवरून ठाऊक असतंच.

स्टेशनपासून किल्ला दोनेक किलोमीटर. पूर्वेच्या दारातून, त्या मोठ्या लाकडी कमानीजवळून, डाव्या आणि उजव्या दिशेने फिरणाऱ्या दोन फेरी-बस सुटतात. दिवसाचा पास ८०० येन; तीन-चार वेळा चढउतार करणार असाल तरच घ्या. दुपारी बस भरून वाहतात, तेव्हा ओमिचोहून पुढे चालणंच शहाणपणाचं. छत्री मात्र हवीच. "डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस" अशी तिथली म्हण आहे आणि ती खरी आहे.

टोकियोहून शिंकानसेनने अडीच तास, चौदा हजार येनच्या घरात. क्योटो-ओसाकाहून पूर्वी थेट एक्सप्रेस होती. मार्च २०२४मध्ये शिंकानसेन त्सुरुगापर्यंत वाढल्यापासून तिथे गाडी बदलावी लागते. वेळ सव्वादोन तासांच्या आसपासच, पण मोठ्या बॅगा घेऊन फलाट बदलायची कटकट वाढली.

आई-बाबा, लहान मुलं आणि शाकाहार

गुडघे दुखणाऱ्या माणसाला हिमेजीच्या किंवा मात्सुमोतोच्या मनोऱ्यात चढवू नका. लिफ्ट नाही, आणि मागून रांग येत असल्याने मधूनच परत फिरणंही अवघड. मात्सुमोतोत निदान खंदकाबाहेरच्या बाकावरून किल्ल्याचं सगळ्यात सुंदर दृश्य दिसतं, तेही फुकट. हिमेजीत बाहेरच्या मैदानापर्यंत सपाट आहे. कानाझावा अशा मंडळींसाठी सगळ्यात बरं. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना हिमेजी आवडतोच: वळणं, लहान दरवाजे, शिवाय ओकिकू नावाच्या दासीच्या भुताची विहीर.

खाण्याच्या बाबतीत मात्सुमोतोत सोबा नूडल्स प्रसिद्ध, पण त्याच्या रश्श्यात सुकवलेल्या माशाचं पाणी असतं आणि "मासा नको" म्हटलं तरी ते जात नाही. तिथल्या काही हॉटेलांत घोड्याचं मांसही मिळतं, तेव्हा मेनूतले फोटो नीट बघा. ओयाकी हा भाजी भरलेला भाजका गोळा सोयीचा: भोपळा, वांगं, नोझावानाची भाजी. कट्टर असाल तर सारण विचारून घ्या. हिमेजीत दिवसापुरतं दुकानातल्या उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) भातगोळ्यांवर भागतं. तिन्ही गावांत भारतीय जेवण मिळतं, बहुधा नेपाळी मालकाचं.

पुणेकरांसाठी एक पोटकलम

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवर बेतलंय ती कोराकुएन हिमेजीहून शिंकानसेनने वीसेक मिनिटांवर, ओकायामात आहे. १७०० साली पूर्ण झालेली, केनरोकुएनबरोबर त्याच तीन बागांत गणली जाणारी. नदीपलीकडे काळा किल्ला. मूळ १९४५ला जळाला, आताचा १९६६चा, काँक्रीटचा, लिफ्ट असलेला. स्टेशनवरून ट्राम जाते. सकाळी हिमेजी आणि दुपारी ओकायामा हा एका दिवसाचा चांगला बेत आहे, आणि जेआर वेस्टच्या कानसाई वाइड पासमध्ये दोन्ही बसतात.

मग बेत कसा आखायचा

ओसाका-क्योटोत तीन-चार रात्री असतील आणि जास्तीचा दिवस मिळणार नसेल तर हिमेजी, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. सकाळी ९ला दार उघडतं, तेव्हा पोचा. शेवटचा प्रवेश ४ला. जपानला दुसऱ्यांदा जात असाल तर मी मात्सुमोतो म्हणेन, मुक्कामासह. कानाझावा पावसाळी हवा सोसणाऱ्यांना आणि बाजारहाट आवडणाऱ्यांना.

दहा-बारा दिवस असतील तर दोन एकत्र होतात: टोकियो, मात्सुमोतो, तिथून डोंगरातल्या बसने ताकायामा (दोन तास वीस मिनिटांच्या आसपास), पुढे शिराकावा-गो हे गवती छपरांच्या घरांचं गाव करत कानाझावा, मग क्योटो. या बस आधी आरक्षित करा. देशभराचा जेआर पास या मार्गाला घेऊ नका. ऑक्टोबर २०२३पासून सात दिवसांना ५०,००० येन झालाय आणि इथे निम्मा प्रवास बसचाच आहे. मात्सुमोतोहून कामिकोची खोऱ्यातही जाता येतं, लोकल गाडी आणि पुढे बस. खाजगी गाड्यांना तिथे बंदी आहे. खोरं एप्रिलच्या मध्याला उघडतं आणि १५ नोव्हेंबरला बंद होतं, म्हणून दिवाळी उशिरा असलेल्या वर्षी सुट्टीच्या तारखा आधी तपासा.